करफ्यूतली बांधणी

आई,

परवा नातीच्या शाळेतून निरोप आला की प्रत्येकाने घरी एक पांढरा टी-शर्ट रंगवून आणायचा. सोबत एक खोकं होतं. त्यात रबरबँड, प्लास्टिकचे हातमोजे आणि रंगाच्या तीन बाटल्या. सून कामात होती, म्हणून मीच नातीला आणि शेजारच्या दोन मुलींना घेऊन बाथरूममध्ये बसले. त्या शर्टाला पीळ घालून रबरबँड लावत होत्या. मी एक कोपरा हातात घेतला आणि कापड आपोआप करंगळीवर उचललं गेलं, त्याच्याभोवती चार वेढे बसले, वर गाठ. मग दुसरी, मग तिसरी. मुली हातातलं काम टाकून बघत बसल्या. नात म्हणाली, "आजी, हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "शाळेत." तोंडातून इतक्या सहज गेलं, की मलाच कळलं नाही मी काय बोलले ते. दोन दिवस ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी तेव्हा दहा वर्षांची, भाऊ पाच वर्षांचा. लालबागची आपली चाळ, दुसरा मजला, जिन्याच्या तोंडाशी खोली. खोलीला एकच खिडकी, तीही मागच्या भिंतीकडे तोंड करून. बाबा गिरणीत रंगखात्यात. तू भुलेश्वरची, रंगारी खत्र्याची मुलगी. तुझ्या वडिलांच्या घरी गच्चीवर रंगाची भांडी मांडलेली असायची आणि खालच्या खोलीत बायका बांधणीच्या गाठी मारत बसायच्या. बाबा गिरणीत लागायच्या आधी दोन वर्षं त्या गच्चीवर कामाला होते. त्या दोन वर्षांत तुम्ही दोघं एकमेकांशी किती बोललात हे तू कधी सांगितलं नाहीस. एवढंच सांगायचीस की एका सकाळी देवळात जाते म्हणून निघालीस ती लालबागला आलीस. त्यानंतर तुझ्या माहेरचं माणूस आपल्या दारात आलं नाही, आणि कोकणातल्या बाबांच्या घरच्यांनीही तुला कधी गावी बोलावलं नाही. मुलं झाली, अकरा वर्षं गेली, तरी चाळीत तू 'जिन्याकडची गुजरातीण'च होतीस. वाईट मनाने नव्हे; कुणाला 'कोपऱ्यातली' म्हणायचे, कुणाला 'शिंपीण', तसं तुला.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. बाबा पाळी संपली की सभेला जायचे, मोर्चात पुढे असायचे, घरी आले की आवाज बसलेला असायचा. त्यांना ते मनापासून हवं होतं. राज्य आपलं, मुंबई आपली. तूही त्यांच्यासाठी आलं-गूळ उकळून ठेवायचीस. पण ज्या दिवशी गोळीबार झाला आणि आपल्या गल्लीतल्या एका घरचा मुलगा परत आला नाही, त्या दिवशी सगळं बदललं. करफ्यू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दार लावून तुझ्यासमोर उकिडवे बसले.

"काही दिवस खोलीबाहेर पडू नकोस," ते म्हणाले. "पाण्याला पोरीला पाठव. गॅलरीतसुद्धा उभी राहू नकोस."

"मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस. तू तोंड उघडलंस की कळतं."

ते खरं होतं. तुझं मराठी चांगलं होतं, पण 'च' तुझ्या जिभेवर वळायचा नाही. तू चुलीला 'च्यूल' म्हणायचीस, चाळीला 'च्याळ'. चहा तुझ्यासाठी कायम 'तो' नव्हे, 'ती'. आम्ही भावंडं त्यावर हसायचो. त्या सकाळी कोणी हसलं नाही. तू एवढंच विचारलंस, "किती दिवस?"

तू आत राहिलीस. करफ्यू उठायचा, पुन्हा लागायचा, तुझा मात्र उठायचाच नाही. मी नळावर जाते आहे, रेशनला शेजारच्या काकीबरोबर जाते आहे, आणि तू दारामागे उभी राहून माझ्या पावलांचा आवाज ओळखते आहेस. मी दाराला हात लावायच्या आधी कडी निघते. दिवसा खोलीत अंधार. दार बंद, म्हणून शेगडीचा धूर आतच. भाऊ दिवसभर रडायचा, भिंतीला लाथा मारायचा. तू त्याला दहा वेळा 'च्युप' म्हणायचीस आणि दहाव्या वेळी स्वतःच तोंडावर हात ठेवायचीस, कारण भिंतीपलीकडे ऐकू जायचं.

एका दुपारी तू बाबांचं विरलेलं धोतर काढलंस आणि त्याचे हातभर चौकोन फाडलेस. डब्यातून मूठभर चवळी काढलीस. मला जवळ बसवलंस, भावाला मांडीत घेतलंस. चवळीचा एक दाणा कापडाखाली ठेवलास, वरून चिमटीत धरलास आणि दाण्याच्या मानेभोवती दोरा गुंडाळलास, इतक्या वेगाने की मला फक्त दोऱ्याची फिरकी दिसली. कापडावर एक लहानसं डोकं उभं राहिलं.

"आता तू," म्हणालीस.

माझ्या हातून दाणा तीनदा निसटला. भावाने तर चवळी खाल्लीच. पण त्याचं रडणं थांबलं. तिसऱ्या दिवसापर्यंत मला दाणे जमले आणि मग तू दाण्याशिवाय करून दाखवलंस, नुसत्या नखावर. तुझ्या माहेरी बायका डाव्या करंगळीचं नख मुद्दाम वाढवायच्या, कापड उचलायला. लग्नानंतर तू ते कापून टाकलं होतंस. त्या कोंडलेल्या दिवसांत ते पुन्हा वाढत होतं, आणि मी ते रोज बघत होते.

गाठी मोजताना तू पुटपुटायचीस, "एक, बे, त्रण, चार." मी म्हटलं, "आई, गुजरातीत मोजू नकोस ना."

"का? तू पाढा कसा म्हणतेस?"

"बे एके बे, बे दुणे चार."

"मग तुझा पाढा पण भुलेश्वरचा," तू म्हणालीस, आणि करफ्यू लागल्यापासून पहिल्यांदा हसलीस. मी चिडले. मला तेव्हा खरोखर वाटलं की तू आमच्या शाळेतलं काहीतरी चोरलंस.

रंग कुठला आणायचा? दुकानं बंद. तू हळद उकळलीस. जर्मनच्या पातेल्यात पिवळंधमक पाणी, त्यात आमचे गाठी मारलेले रुमाल. वाळल्यावर तू सोडू दिले नाहीस. अजून गाठी मारायला लावल्यास, जिथे पिवळं ठेवायचं तिथे. मग मला शेजारच्या काकीकडे पाठवलंस, चुन्याची डबी आणायला. काकी मालवणची, पान-तंबाखूवाली, तोंडाने फटकळ. "तुझी आई पान खाऊक लागली की काय?" म्हणत ती डबी घेऊन स्वतःच आली. तू चुना पाण्यात कालवलास आणि पिवळा रुमाल त्यात बुडवलास. तो आमच्या डोळ्यांदेखत कुंकवासारखा लाल झाला. भाऊ ओरडला. काकी खालीच बसली. "अगो बाय माझे! ह्या खय शिकलंस?" तू रुमालाची दोन टोकं तिच्या आणि माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "ओढा." आम्ही आडवं ओढलं. गाठी तडतडत सुटल्या, दोरे उडाले, आणि लाल कापडावर पांढरे नि पिवळे ठिपके उमटले. चार दिवसांत धुतल्यावर तो लाल पुन्हा पिवळा पडला. हळदीचा लाल टिकत नाही हे तू आधीच सांगितलं होतंस. पण त्या दिवशी आमच्यासाठी ती जादूच होती.

दुसऱ्या दिवसापासून काकीची तिन्ही मुलं आपल्या खोलीत. मग वरच्या मजल्यावरच्या दोघी. मग आणखी. शाळा बंद, रस्ता बंद, गॅलरीत पोरांना उभं राहू देत नव्हते; दहा बाय बाराच्या खोलीत अकरा पोरं मांडी घालून, प्रत्येकाच्या मांडीवर कुणाच्या तरी बापाच्या धोतराचा तुकडा. काही बायका दारात येऊन जुनं कापड टाकून जायच्या; आत बघायच्या, तुझ्याशी बोलायच्या नाहीत, पण पोरांना ठेवून जायच्या. तू मधोमध बसून हातांनीच शिकवायचीस. पोरांच्या हातातली गाठ धरून दाखवायचीस, सैल असेल तर तोडायचीस. तुला बोलावं लागायचं नाही. पोरं मात्र एक, बे, त्रण म्हणत गाठी मोजायची, आणि मी त्यांना हळू म्हणा, हळू म्हणा, म्हणत राहायचे.

एका दुपारी खाली गलका झाला. बाहेरच्या गल्लीतली माणसं जिन्यावर चढली. "इथं कोण गुजराती राहतं का?" हे आम्ही आतून ऐकलं. तुझ्या हातातला दोरा तिथेच थांबला. अकरा पोरं गप्प झाली, पाच वर्षांचा भाऊसुद्धा. बाहेर काकीचा आवाज आला, जिन्याच्या तोंडावरून: "हय कोण नाय तसला. आत पोरां आसत माझी. आराडलास तर बघ." कोणीतरी काहीतरी बोललं. काकी म्हणाली, "माझो घोव पण तुमच्याच मोर्चात आसा. त्याका इचार आणि मग ये." पावलं खाली गेली. काकी आत आली नाही. तिने दार बाहेरून नुसतं थोपटलं. तू दोरा पुन्हा फिरवायला लागलीस, पण तो दाण्यावर बसेना. मी तो तुझ्या हातातून घेतला आणि गाठ पुरी केली. माझ्या मनात त्या वेळी तुझी काळजी असायला हवी होती. खरं सांगायचं तर राग होता. इतर कुणाच्या आईसाठी कुणी जिना चढत नव्हतं.

मग बाबांना सत्याग्रहात पकडून नेलं. आठवडाभर त्यांची काही खबर नव्हती. आणि त्याच आठवड्यात भुलेश्वरहून निरोप आला. बाबांच्या खात्यातला एक माणूस तिकडे राहायचा, त्याने दारातूनच सांगितलं, "वहिनी, तुमचे वडील अंथरुणाला खिळलेत. बघायचं असेल तर आत्ताच. पुढच्या आठवड्याची खात्री नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी करफ्यू काही तास उठणार होता. तू भावाला काकीच्या हवाली केलंस. काकी म्हणाली, "अशी जाशील? थांब." तिने आपलं नऊवारी लुगडं आणलं, तुला नेसवलं, कपाळाला आपल्यासारखं मोठं कुंकू लावलं. तुला कासोटा सांभाळता येईना. दोन पावलं टाकलीस की हात मागे जायचा. मला हसूही आलं आणि लाजही वाटली. जिन्यावर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास.

"रस्त्यात मी बोलणार नाही. कोणी विचारलं तर तू बोल."

"काय बोलू?"

"तुला येईल ते. तुझं मराठी चोख आहे."

आपण चालत निघालो. रस्त्यावर दगड, काचा, जळलेल्या टायरचा वास. दुकानांच्या फळ्या लावलेल्या. तुझा हात माझ्या हातात, आणि तो हात रंगलेला. हळद नखांच्या कडांतून निघाली नव्हती. भायखळ्याच्या पुढे एका नाक्यावर सहा-सात तरुण उभे होते. त्यांच्यातला एक, विशीतला असेल, पुढे आला. आजही मला त्याचा चेहरा आठवतो. दात पुढे, डोळे झोपेला आलेले. त्याने धमकावलं नाही. अगदी साधेपणाने विचारलं, "कुठे चाललात? पुढे गडबड आहे."

"भुलेश्वरला," मी म्हटलं.

"तिकडे कशाला?"

आई, त्याने एवढंच विचारलं होतं. आजोबा आजारी आहेत, इतकं सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्याने तुझ्याकडे बघितलंही नव्हतं. मी म्हटलं, "ह्या बाईंना सोडायला. ह्या मुक्या आहेत. आमच्या कोणी नाहीत."

तुझा हात माझ्या हातात होता. तू तो काढला नाहीस, दाबलाही नाहीस. तो नुसता तिथे राहिला, कापडाच्या तुकड्यासारखा.

त्या तरुणाला माझं कौतुक वाटलं. "एकटी निघालीस मुक्या बाईला घेऊन? शाब्बास," तो म्हणाला. आणि तो आपल्याबरोबर दोन गल्ल्या चालत आला, कुठून वळायचं ते दाखवायला. सगळी वाट माझ्याशी बोलत होता. कितवीत आहेस, वडील काय करतात. वडील जेलमध्ये आहेत म्हटल्यावर त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. निघताना तुला म्हणाला, "जपून जावा मावशी," आणि मग तू ऐकू शकत नसशील असं वाटून त्याने हात जोडले. तूही जोडलेस.

तुझ्या माहेरचा जिना अंधारा होता आणि त्याला रंगाचा वास होता. वर जायच्या आधी तू थांबलीस, पहिल्यांदा बोललीस. "इथे तू बोलू नकोस." एवढंच. तिथेही दिवस तसेच होते. तिथल्या गल्लीत मराठी ऐकून लोक दारं लावत होते. मग मी मुकी झाले.

दार तुझ्या आईने उघडलं. ती तुझ्याहून ठेंगणी, अगदी तुझ्याच नाकाची. अकरा वर्षांनी मुलगी दारात, आणि तिने आधी काय पाहिलं तर तुझं लुगडं. "आ शुं पहेर्युं छे?" ती म्हणाली, हे काय नेसलीस म्हणून. मग तिची नजर माझ्यावर आली. मागे दारात एक मामा उभा होता, त्याच्या मागे मामी, पोरं. सगळे बघत होते.

"आ कोण?" तिने विचारलं.

"मारी दीकरी," तू म्हणालीस.

माझी मुलगी. अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तुला इतक्या मोठ्याने बोलताना मी आपल्या घरी कधीच ऐकलं नव्हतं. नाक्यावरून निघून अजून तासही झाला नव्हता.

आजोबा आतल्या खोलीत होते. अंगाचं नुसतं चिपाड उरलेलं, पण हातांची नखं अजून लालसर निळी. पन्नास वर्षांचा रंग. त्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, आता आपल्याला जायला सांगतील. मग त्यांनी माझा हात मागितला. माझ्या तर्जनीवर दोऱ्याचे घट्टे पडले होते, बारीक, ओळीने. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला.

"बांधे छे?" त्यांनी विचारलं. ही बांधते का?

"हा, बापा," तू म्हणालीस. "सारुं बांधे छे." चांगली बांधते.

तुझे बापा तुझ्याशी अकरा वर्षांत एवढंच बोलले. मामाने घड्याळ दाखवलं. करफ्यू लागायच्या आत परतायला हवं होतं. तुझ्या आईने तुला एक पुरचुंडी दिली, चिवडा आणि लाल रंगाची पुडी, घरचीच. जिन्यावरून उतरताना तिने तुला हाक मारली नाही, पण दार लावल्याचा आवाजही आला नाही.

परतीच्या वाटेवर मी तुझ्या रागावण्याची वाट बघत होते. घरी पोचलो, तू काकीचं लुगडं घडी करून परत दिलंस, भावाला भरवलंस, झाडून काढलंस. मी कोपऱ्यात बसून राहिले. तू काहीच बोलली नाहीस. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तू ती लाल पुडी उकळत्या पाण्यात सोडलीस, मीठ टाकलंस, आणि पोरांचे रुमाल त्यात बुडवलेस. हा रंग पक्का होता. वाळल्यावर सगळ्यांनी आपापले रुमाल ओढले. माझ्या रुमालावर ठिपके नव्हतेच. लाल आत शिरला होता, नुसते गुलाबी डाग.

"सैल बांधलंस," तू म्हणालीस, सगळ्यांसमोर, कधी नव्हे त्या कठोर आवाजात. "लक्ष कुठे होतं? एकदा रंग आत गेला की मग निघत नाही." मी रडायला लागले. पोरांना वाटलं, रुमालासाठी रडते आहे. काकीच्या थोरल्या मुलीने आपला मला देऊ केला. तू माझी समजूत काढली नाहीस. पातेल्यातला रंग मोरीत ओतलास आणि बराच वेळ पाणी टाकत राहिलीस.

बाबा सुटून आले तेव्हा तू त्यांना सांगितलंस की तू भुलेश्वरला जाऊन आलीस. ते चिडले. "मला विचारायचं तरी होतंस."

"कोणाला विचारू? भिंतीला?"

"वाटेत काही झालं असतं तर?"

"पोरगी होती ना सोबत. तिने सांभाळलं." तू माझ्याकडे न बघता म्हणालीस. बाबांनी मला जवळ घेतलं. मी त्यांना खरं सांगू शकले नाही, आणि तू सांगितलं नाहीस.

आजोबा त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत गेले. तुला ते तेरावं झाल्यावर कळलं, त्याच खात्यातल्या माणसाकडून. तू अंघोळ केलीस आणि पोरांना त्या दिवशी येऊ नका म्हणून सांगितलंस. करंगळीचं नख कापलंस. ते कागदात गुंडाळून टाकताना मी पाहिलं. पुढच्या आठवड्यात शाळा सुरू झाल्या, पोरं आपसूक यायची थांबली.

चार वर्षांनी राज्य झालं त्या दिवशी सगळी चाळ रोषणाई बघायला निघाली. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी नवा सदरा घातला, भावाचं बोट धरलं. आता कुणाची भीती नव्हती. जिन्यावर चढून विचारणाऱ्यांतला एक जण काकीच्या मुलीच्या लग्नात वाढायला होता, तुला 'वहिनी' म्हणायचा. बाबा दारात उभे राहून तुला म्हणाले, "चल ना. आता कशाला घाबरतेस?" तू म्हणालीस, "तुम्ही जा. मला सवय नाही." आम्ही गेलो. परत आलो तेव्हा तू दारामागेच उभी होतीस. हात लावायच्या आधी कडी निघाली.

त्यानंतर बारा वर्षं तू जगलीस, आणि बाजार, देऊळ, दवाखाना यापलीकडे गेली नाहीस. मी कॉलेजला गेले, दादरला शाळेत नोकरी लागली, लग्न करून माटुंग्याला आले. "माझ्याकडे ये, दोन दिवस राहा," म्हणायचे. तू 'येईन' म्हणायचीस. दार उघडं होतं, आई. कुणी अडवत नव्हतं. मी हे रागाने तुला एकदा म्हटलंही. तू शेगडी पुसत होतीस. म्हणालीस, "दार उघडं असतं. पण मी आत राहून राहून खोलीच्या मापाची झाले."

शेवटच्या दुखण्यात मी तुझ्यापाशी होते. एका दुपारी तू जागी होतीस, बरी होतीस, आणि मी म्हटलं, "आई, त्या दिवशी भायखळ्याला..." तू मान वळवलीस.

"मुकी म्हणालीस तेव्हा?"

"हो."

तू उशीला टेकून जरा वर सरकलीस. मग म्हणालीस, "घाव लागला. खोटं कशाला बोलू? पण तुझा आवाज केवढा स्वच्छ होता. एकपण शब्द अडला नाही. मला वाटलं, हिला कुठल्याच नाक्यावर कोणी अडवणार नाही. ही सुटली." तू जरा हसलीस. "बरं वाटलं मला. घाव पण लागला, बरं पण वाटलं." मी तुझे पाय धरले. तू म्हणालीस, "उठ. थोडी चहा कर."

मी चहा केला. तुला पाजला. माफी मागायची राहूनच गेली. तेवढं बोलून झालं म्हणजे सगळं झालं, असं मी धरून चालले. दहा दिवसांनी तू गेलीस. तुझ्या माहेरी कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही आठवण केली नाही.

आता सगळं लिहून झालं आहे आणि एक गोष्ट कबूल करायला हवी. तू भुलेश्वरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलीस ती गुजरातीत. मराठी तुला बोलता यायचं, वाचता कधीच आलं नाही. मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना अक्षरं शिकवली, तुला शिकवायला एकदाही बसले नाही. तुझी लिपी मीही शिकले नाही. हे पत्र तुला वाचता येणार नाही हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं, आणि तेवढ्याच धीरावर मी इथपर्यंत लिहू शकले.